‘रन’ पाठ होत नाही? मग करूच नका

वाचक लिहितात:

नमस्कार बाई,
मी बडोद्याचीच, माहेर-सासर दोन्ही दांडिया बाजारात. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढे गुजराती माध्यम. मुलगा कॉलेजात गेल्यावर मकरपुरा जीआयडीसीतल्या एका लहान कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला लागले. कोटेशन, बिलं, डिस्पॅच असं काम. परवा साहेबांनी एका कोटेशनवर इंग्रजीत लिहिलं, ‘प्लीज रन धिस बाय मी.’ रन म्हणजे पळणे, म्हणजे पटकन करा म्हणत असतील, असं समजून मी ते लगेच पार्टीला पाठवून दिलं. त्यात रेट जुना होता. सुधारलेलं कोटेशन पाठवावं लागलं. साहेब फारसं बोलले नाहीत, पण बाहेर बसणारी दोन मुलं हसली ते मनाला लागलं. त्या दिवसापासून डिक्शनरी घेऊन ‘रन’चे अर्थ वहीत उतरवायला लागले. पळणे, वाहणे, निवडणुकीला उभे राहणे, पायमोजा उसवणे. चाळीसच्या वर गेले तरी संपत नाहीत, आणि सकाळी पाठ केलेले संध्याकाळी आठवत नाहीत. वय झालं म्हणून डोक्यात बसत नाही का? हे म्हणतात, सोडून दे नोकरी. मुलगा म्हणतो, इंग्लिश स्पीकिंगचा क्लास कर. महिनाअखेरीला ऑफिसात ‘स्टॉकचा ड्राय रन’ आहे म्हणे, त्याचीही धास्ती आहे. झोप लागत नाही. काय करू?
– एक वाचक, बडोदा

वही मिटा. फाडू नका, तिचा उपयोग पुढे सांगते, पण आज मिटा. आणि वयाचा इथे काही संबंध नाही. विशीतल्या पोराला ती वही दिलीत तर तोही संध्याकाळपर्यंत विसरेल, फक्त तो ते कबूल करणार नाही.

तुम्ही हात घातलात तोही नेमका इंग्रजीतल्या सगळ्यांत ऐसपैस शब्दाला. ऑक्सफर्डचा थोरला इंग्रजी कोश 1884 पासून हप्त्याहप्त्याने निघायला लागला आणि 1928 साली पुरा झाला. त्याच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत सगळ्यांत लांबलचक नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. नंतर कोशाची नव्याने तपासणी सुरू झाली, ‘रन’ची पाळी आली, आणि नुसत्या क्रियापदाचेच 645 अर्थ भरले. ते निवडून, लावून ठेवण्यात पीटर गिलिव्हर या संपादकाचे नऊ महिने गेले. इंग्रजी ज्याची जन्मभाषा, शब्द निवडणं हाच ज्याचा पेशा, त्याला नऊ महिने. तुम्ही ऑफिस करून, स्वयंपाक आटपून, रात्री दिव्याखाली चाळिसाच्या वर गेलात, हे काही थोडं नाही.

आगगाड्या आल्या, कारखाने आले, मग कॉम्प्युटर आला. जे जे नवीन आलं त्याने ‘रन’च्या गळ्यात आणखी एक काम घातलं. म्हणून तो इतका फुगला.

कोश हा पाठ करायचा ग्रंथच नव्हे. तो अडलं की उघडायचा. आपल्याच गावातली गोष्ट घ्या. सयाजीराव महाराजांच्या दरबारने 1931 साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ काढला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे प्रतिशब्द त्यात मांडलेले आहेत. तो कचेऱ्यांसाठी होता. हुकूम लिहिताना शब्द अडला की बघायचा आणि परत फळीवर ठेवायचा. पाठांतराची सवय आपल्याला शाळेने लावली. त्या पापात मीही आयुष्यभर वाटेकरी होते, पण तो विषय वेगळा.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. तुम्ही नोकरीला ‘लागलात’. कोटेशन पाठवावं ‘लागलं’. मुलांचं हसणं मनाला ‘लागलं’. अर्थ उतरवायला ‘लागलात’. झोप ‘लागत’ नाही. छोट्याशा पत्रात ‘लागणे’ पाच ठिकाणी, पाचही वेगळ्या कामांना, आणि लिहिताना एकदाही पेन अडलं नसेल. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, पत्ता लागतो, कैरी आंबट लागते, अमक्याची मुलगी आपली भाची लागते. गाडी फलाटाला लागते आणि गाडीत बसल्यावर कुणाला गाडी लागते. पहिलीला हमाल धावतात, दुसरीला लिंबू शोधावं लागतं. ही यादी तुम्हाला कुणी पाठ करायला दिली होती? लहानपणी आई म्हणाली, ‘दिवे लागायच्या आत घरी ये’, तेव्हा त्या वाक्यापुरतं ‘लागणे’ तुमच्याकडे आलं. असं एकेक वाक्य येत गेलं. ‘लागणे म्हणजे काय?’ असा सुटा प्रश्न मी आत्ता विचारला तर तुम्हाला उत्तर देता येणार नाही, आणि मलाही नाही. तो शब्द एकटा असतो तेव्हा जवळजवळ मुका असतो. शेजारी भूक आहे की ठेच, त्यावरून तो बोलतो.

‘रन’चं हेच आहे. म्हणून सुटा ‘रन’ पाठ करणं सोडा, त्याला शेजाऱ्यासकट उचला. तुमच्या साहेबांच्या वाक्यात सगळी करामत ‘बाय’ या दोन अक्षरांची होती. काहीतरी ‘रन बाय’ अमुक माणूस, म्हणजे त्याच्या नजरेखालून एकदा घालणे. साहेब म्हणत होते, ‘मला दाखवल्याशिवाय पाठवू नका.’ तुमच्या डिक्शनरीत हा अर्थ शोधत बसलात तर पळणे, वाहणे, पायमोजे सगळं ओलांडून अगदी शेवटी, शब्दजोड्यांच्या भागात तो सापडेल. (पायमोज्याचा अर्थ मात्र आजच खोडा. पातळ मोज्याचा धागा सुटून उभी फट पडते, ती ही ‘रन’. मकरपुऱ्यात कुणाला त्याची गरज पडणार आहे?)

एक किल्ली देते. इंग्रज ज्याला पळवतो त्याला आपण बहुतेक वेळा चालवतो. त्याचं मशीन पळतं, आपलं चालतं. तो दुकान पळवतो, आपण चालवतो. कंपनी, शाळा, खानावळ, घर, गाडी, घड्याळ, सगळीकडे हेच. नाटकाचे प्रयोग इंग्रजीत ‘रन’ होतात, आपल्याकडे नाटक चालतं. त्यामुळे ऑफिसात ‘रन’ कानावर आलं की आधी ‘चालणे-चालवणे’ लावून बघा. ‘हू रन्स द स्टोअर?’ म्हणजे स्टोअर कोण चालवतं, कुणाच्या ताब्यात आहे. ‘रन द रिपोर्ट’ म्हणजे कॉम्प्युटरला तो कार्यक्रम चालवायला सांगा आणि रिपोर्ट काढा. ‘पेरोल रन’ म्हणजे पगाराचा हिशोब चालवणे. ‘ट्रायल रन’ म्हणजे चालवून बघणे. ऑफिसातलं निम्मं काम एवढ्यावर निभावेल. जिथे पातळ पदार्थ आला तिथे ‘वाहणे’ लावा: पाणी, शाई, सर्दीचं नाक. कापडाचा रंग ‘रन’ होतो तेव्हा तो जातो आणि शेजारच्या कपड्याला लागतो.

दुसरं म्हणजे, तुम्ही समजता त्याहून जास्त ‘रन’ तुम्हाला आधीच येतात. साडी घेताना ‘रनिंग ब्लाउज’ आहे का, असं विचारता ना? म्हणजे ब्लाउजपीस वेगळं नाही, साडीच्याच कापडात सलग आलेलं आहे. किचनचा ओटा करून घेताना सुतार ‘रनिंग फुटा’चा भाव सांगतो, तेव्हा तो लांबी सलग मोजणार, रुंदीचा हिशोब धरणार नाही, हे तुम्हाला ठाऊक असतं. जुनी स्कूटर ‘रनिंग कंडिशन’मध्ये आहे म्हणजे किक मारली की सुरू होते. बांधकाम कंत्राटदाराचं ‘आर.ए. बिल’ तुमच्या टेबलावर कधी आलंच, तर ते ‘रनिंग अकाउंट’चं, काम चालू असताना हप्त्याने दिलेलं बिल. तुमच्या खातेवहीत उजवीकडे जी बाकी प्रत्येक ओळीला बदलत जाते ती ‘रनिंग बॅलन्स’. ब्लाउज, ओटा, बिल, बाकी: चारही ठिकाणी कोणी पळत नाही. न तुटता पुढे पुढे जाणं मात्र चारही ठिकाणी आहे. हे धागे हाताशी असताना तुम्ही वहीत ‘रनिंग : पळत असलेला’ असं लिहून ठेवलं असेल, खरं ना?

आणि बडोद्याच्या माणसाने ‘रन’ला घाबरावं याचं तर मला नवल वाटतं. हा शब्द आपल्याकडे इंग्रजीच्या तासाला आलाच नाही, तो मैदानावरून आला. 1946-47 च्या रणजी अंतिम सामन्यात इथेच, बडोद्यात, इंदूरच्या होळकर संघाविरुद्ध गुल महंमद आणि विजय हजारे यांनी चौथ्या विकेटसाठी 577 धावांची भागी केली. गुल महंमद 319, हजारे 288. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये कुठल्याही विकेटसाठी इतकी मोठी भागी त्यापुढे 2006 पर्यंत कुणाची झाली नाही, तेव्हा कुठे संगकारा आणि जयवर्धने पुढे गेले. आमच्या घरातली जुनी मंडळी हा आकडा रामरक्षेसारखा म्हणायची. एबीसीडीची ओळख नसलेली आजीसुद्धा ‘किती रन झाले?’ विचारायची आणि ‘रनर’ म्हणजे जायबंदी खेळाडूसाठी धावणारा, हेही तिला कळायचं. मराठीने तर त्यातून आपला स्वतःचा संसार थाटला: धावफलक, धावगती, धावचीत, धावतं वर्णन. विमानाच्या ‘रनवे’ची धावपट्टी झाली.

या धावचीत प्रकरणावरून एक सावधगिरी. क्रिकेटमधला ‘रन आउट’ आणि ऑफिसातला ‘रन आउट’ यांची गल्लत करू नका. स्टोअरवाला ‘वी हॅव रन आउट ऑफ टोनर’ म्हणतो तेव्हा टोनर संपलेला असतो, एवढंच. ‘वी आर रनिंग आउट ऑफ टाइम’ म्हणजे वेळ संपत आलाय. ‘आय अ‍ॅम रनिंग लेट’ म्हणणारा साहेब बहुधा गाडीत निवांत बसलेला असतो; त्याला उशीर होतोय, पळत कोणी नाही. ‘लेट्स रन थ्रू द लिस्ट’ म्हणजे यादीवरून भरभर एक नजर टाकू. ‘बिल रन अप केलं’ म्हणजे थकवत थकवत चढवलं.

आणि ‘रन इंटू’ हे एक चांगलं लबाड प्रकरण आहे, त्याच्यापाशी जरा थांबा. पुढे माणूस आला तर अचानक गाठ पडणे: काल मंगळ बाजारात जुन्या मैत्रिणीला ‘रन इंटू’ झाले. पुढे अडचण आली तर अडचणीत सापडणे. पुढे भिंत किंवा दुसरी गाडी आली तर जाऊन आदळणे. आणि पुढे आकडा आला तर, ‘द लॉस रन्स इंटू लाख्स’, नुकसान लाखांच्या घरात जाणे. जोडी तीच, पुढचा शब्द बदलला की मैत्रीण, अडचण, भिंत आणि लाख. म्हणून म्हणते, वाक्य उचला.

आता तीच वही उलटी धरून मागच्या बाजूने सुरू करा. डिक्शनरीतून एकही ओळ उतरवायची नाही. ऑफिसात जे वाक्य खरोखर आलं, मेलमध्ये, फोनवर, कुणाच्या तोंडून, ते आख्खं देवनागरीत लिहा. कोण म्हणालं तेही लिहा. खाली अर्थ लिहू नका, मला काय करायचं होतं ते लिहा. तुमची पहिली नोंद तयारच आहे:

‘प्लीज रन धिस बाय मी.’ साहेब, कोटेशनवर. – पाठवण्याआधी त्यांना दाखवायचं.

दुसरी कदाचित अशी येईल:

‘वी हॅव रन आउट ऑफ टोनर.’ स्टोअरवाले, प्रिंटरपाशी. – मागणीची चिठ्ठी करायची.

महिन्याला चार-पाचच नोंदी झाल्या तर काही बिघडत नाही. त्या विसरणार नाहीत, कारण त्या वाक्यामागे माणूस आहे, जागा आहे, आणि पहिल्या नोंदीमागे तर चांगलाच चटका आहे.

पण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न मला इंग्रजीचा वाटत नाही. तुम्ही विचारलं नाहीत, हा आहे. पैशाचा, रेटचा, तारखेचा निरोप कुठल्याही भाषेत आला तरी तो आपल्या शब्दांत परत बोलून दाखवावा, ही कचेरीची जुनी शिस्त आहे. अस्सल इंग्रजीवालेही ती पाळतात. तुमचे साहेब गुजराती असतील तर सरळ गुजरातीत विचारा, ‘मोकली दउं, के पहेलां तमे जोई लेशो?’ (पाठवून देऊ, की आधी तुम्ही बघून घ्याल?) एका ओळीचं काम. यात कमीपणा येतो असं तुम्हाला वाटतं, साहेबांना वाटणार नाही. परत पाठवलेल्या कोटेशनपेक्षा त्यांना ते स्वस्तच पडेल. आणि माझं मत विचाराल तर थोडा दोष साहेबांचाही. ज्या कागदावर पैसे अडकलेत त्यावर ‘पाठवण्यापूर्वी दाखवा’ एवढं साध्या शब्दांत लिहायला काय हरकत होती? हुकुमात वाक्प्रचार वापरू नयेत.

ती हसणारी मुलं. त्यांचा इतका विचार करू नका. मात्र पुढच्या वेळी एखादा शब्द अडला तर मुद्दाम त्यांच्यातल्याच एकाला विचारा, सगळ्यांसमोर, मोकळेपणाने. ज्याला विचारलं जातं तो हसत नाही, समजावून सांगायला बसतो. त्यालाही नीट आलं नाही तर तोच गुपचूप मोबाइलमध्ये बघून येईल.

‘ड्राय रन’ची धास्ती तर अगदीच नको. कोरडं-ओलं काही नाही, ती तालीम आहे. खऱ्या स्टॉकमोजणीच्या आधी सगळं खऱ्यासारखं करून बघायचं, चिठ्ठ्या, रकाने, कोण मोजणार, कोण लिहिणार, म्हणजे खऱ्या दिवशी गोंधळ होत नाही. विचारून घ्यायची गोष्ट एकच: त्या दिवशी मोजलेले आकडे सिस्टिममध्ये चढवायचे, की नुसते कागदावर ठेवायचे? बहुतेक ठिकाणी कागदावरच ठेवतात, पण तुमच्या ऑफिसात काय करतात ते आदल्या दिवशी साहेबांकडून पक्कं करा. तालमीचे आकडे खऱ्या स्टॉकमध्ये गेले तर ते काढत बसण्यात तुमची पुढची आठ दिवस झोप जाईल.

नोकरी सोडायचं कारण मला तुमच्या पत्रात कुठेही दिसलं नाही. जुना रेट गेला, नवा पाठवला, पार्टी तुटली नाही. यजमान काळजीपोटी म्हणत असतील; त्यांना वाचून दाखवायचं तर हा परिच्छेद दाखवा.

क्लासही नको, निदान आत्ता नको. तिथे पुन्हा याद्याच मिळतील आणि ‘हाउ आर यू, आय अ‍ॅम फाइन’ होईल. तुमचं इंग्रजी तुमच्या टेबलावर रोज फुकट येतंय. फीच्या पैशातून एक चांगला शिकाऊंसाठीचा कोश घ्या. ज्यांची जन्मभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी ऑक्सफर्डने काढलेला कोश मूळ ए. एस. हॉर्नबी यांनी केला. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच माणसं त्यांच्यासमोर बसलेली होती. त्यात प्रत्येक अर्थाला पुरं वाक्य दिलेलं असतं आणि ‘रन बाय’, ‘रन इंटू’ या जोड्या नोंदीच्या शेवटी वेगळ्या काढलेल्या असतात. वाचायचं ते तिथून. विकत घेण्याआधी बघायचा असेल तर मांडवीला सेंट्रल लायब्ररी आहेच, 1910 पासून. दांडिया बाजारातून चालत जाण्याजोगी. आणि ‘रन’ झाला म्हणून लगेच ‘सेट’ काढून बसू नका. ‘गेट’ बघा, ऑफिसात तो जास्त भेटतो.